एक ते पाच

उलव्याच्या सेक्टर एकोणीसमध्ये, जिथे रस्त्यांना
अजून नावं नाहीत, नुसते आकडे आहेत,
घरत अँड सन्सच्या पत्र्याच्या ऑफिसात
मी प्रश्नावली घेऊन बसले.
छत्तीस प्रश्न. उत्तर एक ते पाच.
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पूर्णपणे.

आपल्या संस्थेचं नेतृत्व डिजिटल बदलासाठी
कितपत कटिबद्ध आहे?
धाकटे घरत, निकेश, म्हणाले, पाच लिहा.
त्यांच्या मागे थ्रीडी मॉडेलचं पोस्टर:
झाडं हिरवीगार, माणसं पारदर्शक,
आणि गच्चीपलीकडे समुद्र,
जो इथून कुठूनच दिसत नाही.

ड्रोन आहे?
आहे. कपाटात.
गेल्या वर्षी चारदा उडवला,
त्यातला एकदा पुतणीच्या हळदीला.
शूटिंग मात्र झकास आलं.

टॅब सहा, चालू दोन.
एकाच्या काचेवर चहाच्या ग्लासाचं वर्तुळ.
सॉफ्टवेअर मार्चपर्यंत भरलेलं,
पासवर्ड रेश्माला ठाऊक
आणि रेश्मा दिवाळीतच पुण्याला गेली, दुसरीकडे.

मी लिहीत गेले. तीन. दोन. तीन.
तीन फार सोयीचा आकडा आहे,
कोणाचाच अपमान होत नाही.

मग वामन मढवी आले, सुपरवायझर.
कानावर पेन्सिल, वहीला रबरबँड.
"मला पन इचारा," म्हणाले.
प्रश्न अकरा: सुधारित माहिती
कामाच्या जागी वेळेवर पोचते का?

त्यांनी मला तिसऱ्या मजल्यावर नेलं,
एक कॉलम दाखवला, कमरेपर्यंत फोडलेला,
सळया बाहेर, गंजाला नुकती सुरुवात.
"नकाशा बदलला होता कम्प्युटरवर,
माज्याकडं कागद जुना. नऊ इंच सरकला.
अकरा दिवस ब्रेकर चालला, मॅडम.
लिवा काय लिवायचं ते.
मेल आला होता मला.
मी मेल उघडत नाय."

गेटवर हजेरीचं यंत्र.
शांतव्वा चौथ्यांदा अंगठा लावत होती.
आधी पदराला पुसून, मग जिभेने ओला करून.
पुन्हा प्रयत्न करा, यंत्र म्हणत होतं,
शुद्ध मराठीत, जी तिला येत नाही.
सतरा वर्षं माल कालवून
तिच्या अंगठ्यावरच्या रेघा गुळगुळीत झाल्यात.
मढवींनी वही उघडली, तिच्या नावापुढे काडी मारली.
यंत्रात ती मे महिन्यात नऊ दिवस,
वहीत सव्वीस.
पगार वहीप्रमाणे, ते म्हणाले, आणि आवाज उतरवून,
ऑडिटला मात्र यंत्राप्रमाणे.

छत्तीस प्रश्नांत हा अंगठा कुठे बसवायचा
मी उभ्याउभ्या शोधलं.
फार तर "वापरकर्त्यांचा विरोध", सदर सात.

सावलीत इनामुल जेवत होता, मालद्याचा, सळईवाला.
डब्याशेजारी तडकलेला फोन.
त्यात प्रत्येक बीमचे फोटो, काँक्रीट पडण्याआधीचे,
अंतर दिसावं म्हणून शेजारी टेप धरलेला,
कोपऱ्यात तारीख.
चार वर्षांचे. आठ हजारांवर.
कोणी शिकवलं, विचारलं.
एकदा बिल कापलं होतं, तो म्हणाला,
सळया कमी घातल्या सांगून.
तेव्हापासून.
आणि वरण ओतून घेतलं भातावर.

निघताना निकेश ऑफिसच्या पायरीवर,
परीक्षेच्या वर्गाबाहेरच्या मुलासारखे:
किती पडले?
कळवते म्हटलं.
रात्री घणसोलीला घरी बेरीज केली तेव्हा
दोन पूर्णांक आठ आले, चौकट पिवळी झाली,
आणि तिच्यात आपोआप उमटलं:
प्रशिक्षणाची गरज.

पण ते रात्री.
तेव्हा मढवी रिक्षापर्यंत सोडायला आले होते.
"निकाल लागला का मला पन द्या," म्हणाले,
"कागदावर."
रिक्षा सुरू झाली. ते दोन पावलं सोबत चालले.
"नायतर इनामुलला पाठवा.
तो दाखवल."